पूर्वपक्ष कोण मांडणार?

घरी शिकणाऱ्या लेकरांना गणित कुठल्या पुस्तकातून शिकवायचं हे ठरवायला फारसा त्रास पडत नाही. बालभारतीची पुस्तकं स्वस्त आहेत, बरी आहेत. घोडं अडतं ते विचार करायला कसं शिकवायचं यापाशी. अंबाजोगाईतल्या एका घरात सध्या यावरूनच जुंपली आहे. भाची पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरूनच करत माहेरच्या गावी परतलेली. अकरा वर्षांचा मुलगा आणि तेरा वर्षांची मुलगी, दोघांना शाळेतून काढून तिनं घरी शिकवायला घेतलंय. जिथले आईबाप लेकरांना 'लातूर पॅटर्न'साठी बसमध्ये बसवून देतात, तिथं हा प्रकार म्हणजे गावाला बोलायला विषयच. मामा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. कुणालाही वाटेल की मामा म्हणणार तर्कशास्त्र शिकव आणि भाची म्हणणार लेकरांना मोकळं सोडू या. प्रत्यक्षात नेमकं उलटं आहे, म्हणून तर हा संवाद लिहावासा वाटला. गाव लहान, तेव्हा नावं देत नाही.

कायद्याचं आधीच उरकतो, कारण बीडकर वाचक पहिल्यांदा तेच विचारणार. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याचं दहावं कलम लेकराला शाळेत घालण्याचं कर्तव्य पालकांवर टाकतं, पण न घालणाऱ्याला शिक्षा सांगत नाही. त्या फटीतून ही कुटुंबं वाट काढतात. पुढं 'एनआयओएस'ची परीक्षा असते, नाहीतर आपला १७ नंबरचा फॉर्म.

भाची : मामा, टेबलावर चार पुस्तकं आहेत. एक, 'द फॅलसी डिटेक्टिव्ह'. अमेरिकेतल्या ब्लूडॉर्न नावाच्या दोन भावांनी लिहिलंय, दोघंही घरीच शिकलेले. एकेक तर्कदोष घेतात, उदाहरणं देतात, खाली प्रश्न. दुसरं, मॅथ्यू लिपमनची गोष्ट. तिसरं, बालभारतीचं अकरावीचं 'तर्कशास्त्र'. चौथं, शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीचं गाईड. तुम्ही एक निवडा, मी जूनपर्यंतचं वेळापत्रक लावते.

मामा : चौथं बाजूला ठेव.

भाची : का? सगळा जिल्हा तेच सोडवतो.

मामा : गढीच्या नवोदयला बसणारं लेकरू बघ. दोन तासांत ८० प्रश्न, त्यातले ४० बुद्धिमत्तेचे. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. विसंगत आकृती कोणती, आरशात कशी दिसेल. दीड मिनिटात होते ती ओळख. विचाराला तेवढ्यात सुरुवातसुद्धा होत नाही. त्या परीक्षेची निंदा करत नाही मी. कितीतरी गरीब घरच्या पोरांना तिनं वर काढलं. पण तुला कुठं नवोदयला घालायचंय?

भाची : बरं, मग तिसरं. तुमचंच पुस्तक. विधान, निर्णयपद्धती, तर्कदोष, सगळं मराठीत, ओळीनं.

मामा : ते तर मुळीच नको.

(भाची बघतच राहिली. जन्मभर ज्या विषयावर पगार घेतला, तो विषय भाचीच्या लेकरांना नको म्हणणारा माणूस मीही पहिल्यांदाच पाहत होतो.)

मामा : ऐक. तर्कशास्त्र म्हणजे आर्ट्सवाल्यांचा मार्कांचा विषय. सत्यता कोष्टक एकदा हाताखालून गेलं की मार्क कुठं जात नाहीत. २१ सप्टेंबर १९९५ आठवतो? तू शाळेत असशील. गणपती दूध प्यायला तो दिवस. माझ्या वर्गात पैकीच्या पैकी मार्क घेणारी दोन पोरं देवळासमोरच्या रांगेत, हातात वाटी-चमचा. मी म्हणलं, अरे, काय शिकवलं तुम्हाला? तर म्हणाली, 'सर, डोळ्यानं बघितलं.' आणि समोरच्या हॉटेलात कपबशा विसळणारा एक पोरगा होता. विधान कशाशी खातात हे त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, 'मूर्तीच्या खाली बघा की. सगळं दूध खाली आलंय. आमच्या कपाच्या कडेनं चहा असाच उतरतो.'

भाची : एका किश्श्यावरून अख्खा विषय बाद? याला पुस्तकात नाव आहे मामा, घाईचं सामान्यीकरण.

मामा : बघ, हीच धास्ती वाटते मला. नाव सापडलं आणि तू ऐकायची थांबलीस. तेरा वर्षांच्या पोरीच्या हातात वीस तर्कदोषांची नावं दिलीस की ती घरभर शिक्के मारत फिरेल. आजीला म्हणेल, तुझा हा दोष. बापाला म्हणेल, तुमचा तो. न्यायशास्त्रानं वादाचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते कळावं म्हणून करतात तो वाद. जिंकायचं म्हणून करतात तो जल्प. स्वतःचं काही न मांडता समोरच्याचं नुसतं मोडायचं ती वितंडा. नावांची यादी पाठ करून जे तयार होतं ते तिसऱ्यातलं. रात्री टीव्ही लावून बघ.

भाची : आणि नावं न दिलेली माणसं काय करतात ते दिवसा गावात बघा. २०२५ च्या सुरुवातीला बीडच्या पोलिसांच्या छातीवरच्या पाट्यांवरून आडनावं काढली. नुसतं नाव ठेवलं. कशासाठी? लोक आडनाव वाचत होते आणि थेट निष्कर्षावर जात होते. हा अमक्या जातीचा, म्हणून हा तपास असाच करणार. पाटी बदलली, ठीक झालं. पण डोक्यातला तो 'म्हणून' तिथंच आहे. तोच 'म्हणून' आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलाबरोबर येतो. माझ्या लेकरांना तो दिसला पाहिजे, आणि दिसायला त्याला नाव लागतं.

मामा : दुसऱ्याच्या वाक्यातला लगेच दिसतो गं. स्वतःच्या वाक्यातला दिसत नाही. तो दिसायला कुठलं पुस्तक आणलंयस?

इथं थोडा वेळ कुणी बोललं नाही. माझ्या मते या वादातला हा कळीचा प्रश्न होता, पण तेव्हा दोघांनीही तो तसाच सोडला. भाचीनं कागदाचे चार तुकडे पुढं केले.

भाची : हे बघा. पीटर वेसन नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये काढलेलं कोडं. चार पत्ते : अ, क, ४, ७. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम पाळलाय का ते बघायला कुठले पत्ते उलटायचे?

मामा : अ आणि ७.

भाची : तुम्हाला येणारच. शिकलेल्या मोठ्या माणसांतही दहांत एखाद्यालाच जमतं. बाकीच्यांतले बरेच जण अ आणि ४ म्हणतात. माझी दोघंही तेच म्हणाली. मग मी एसटी आणली. नियम : फुकट तिकीट असेल तर माणूस ७५ च्या वरचा पाहिजे. चार प्रवासी. एकाकडं फुकट तिकीट, एकानं पैसे भरलेत, एक ८० वर्षांचा, एक ६० वर्षांचा. कंडक्टरनं कुणाला तपासायचं? दोघंही एका दमात म्हणाली, फुकटवाल्याचं वय बघायचं आणि साठवाल्याचं तिकीट. ऐंशीच्या म्हाताऱ्याला कशाला उठवायचं!

(वयाचा दाखला म्हणून आधार कार्ड मागितलं तर काय होईल, हे मी मध्येच बोलून गेलो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकला, म्हणून आमच्याकडं अर्धा गाव १ जूनला जन्मलेला. पण तो वेगळा विषय.)

मामा : मग माझंच म्हणणं सिद्ध झालं की. तर्काचा साचा तोच, मजकूर ओळखीचा झाला आणि डोकं चाललं. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डॅनियल विलिंगहॅम यांनी २००७ मध्ये हेच मांडलंय. चिकित्सक विचार हे सायकल चालवण्यासारखं कसब नाही, की एकदा आलं म्हणजे कुठल्याही रस्त्यावर चाललं. ज्या गोष्टीचा विचार करायचा तिची माहिती आधी लागते.

भाची : पुढचं ऐकून घ्या. एसटी झाल्यावर मी तेच चार पत्ते परत मांडले. मुलगी दोन मिनिटं बघत बसली आणि म्हणाली, 'अगं, ७ म्हणजे साठवाला!' मुलाला नाही जमलं. म्हणजे साचा एका मजकुरातून दुसऱ्यात नेता येतो. कुणीतरी मुद्दाम न्यावा लागतो, एवढंच. त्यालाच मी अभ्यासक्रम म्हणते.

मामा : दोनांतलं एक.

भाची : दोनांतलं एक. तुमच्या वर्गापेक्षा टक्केवारी बरी आहे.

मामा खळखळून हसले. त्यांनी लिपमनचं पुस्तक ओढून घेतलं. लिपमन कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. मोठ्या विद्यार्थ्यांना तर्क शिकवताना उशीर झालाय असं त्यांना वाटू लागलं आणि त्यांनी लहान मुलांसाठी कादंबरीच लिहिली. हॅरी नावाचा मुलगा वर्गात तंद्रीत असतो. गुरुजी विचारतात, शेपूट असलेलं आणि ७७ वर्षांतून एकदा सूर्याला फेरी घालणारं ते काय? त्याला एवढं आठवतं की सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात, म्हणून तो सांगतो, ग्रह. वर्ग हसतो. उत्तर असतं हॅलेचा धूमकेतू. मग त्याच्या डोक्यात घोळतं की 'सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात' हे वाक्य उलटं फिरवलं की खोटं कसं पडतं.

मामा : हे चांगलं आहे. माणसाला मुलं कळतात. पण धूमकेतू लेकरांनी बघितलाय कुठं? आपल्याकडं यालाच तापलेला लोखंडाचा गोळा आहे. 'तर्कसंग्रह' वाचणाऱ्याला सगळ्यात आधी भेटतो तो धूर आणि विस्तव. डोंगरावर विस्तव आहे, कारण धूर दिसतोय. जिथं धूर तिथं विस्तव, जसं स्वयंपाकघर. आता उलटं कर. जिथं विस्तव तिथं धूर? दसऱ्यानंतर तुझ्या दोघांना घेऊन मी कुठं गेलो होतो, सांगितलं का त्यांनी?

भाची : लोहाराकडं. कपडे काळे करून आली होती.

मामा : रस्त्याच्या कडेला पाल होतं. ऊसतोडीला निघायच्या आधीचे दिवस, कोयत्यांना पाणी देऊन घ्यायला माणसांची गर्दी. मी आधीच विचारून ठेवलं होतं, विस्तव असला की धूर असतोच का. दोघंही म्हणाली, हो. लोहारानं भट्टीतून पातं बाहेर काढलं, लालबुंद. धुराची रेघ नाही. धाकट्यानं हात जवळ नेला आणि मागं घेतला. तुझी पोरगी म्हणाली, 'पण भट्टीला तर धूर आहे.' भाता ओढणारी बाई तिच्याकडं न बघताच म्हणाली, 'ओलं घातलं की धूर हुतो.' मला आनंदानं तिथंच बसावंसं वाटलं. नैयायिक यालाच उपाधी म्हणतात : विस्तवाबरोबर धूर येतो तो ओल्या सरपणामुळं, नुसत्या विस्तवामुळं नव्हे. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहूनही हे माझ्या पोरांच्या पोटात उतरलं नव्हतं.

भाची : सुंदर. पण मामा, रोज लोहार कुठून आणू? तुम्ही महिन्यातून एकदा येता, एक झकास गोष्ट घडवता आणि जाता. मला दर मंगळवारी सकाळी दहा वाजता काय करायचं ते लिहिलेलं हवं. साडेअकराला माझी मीटिंग असते. घरी शिकवणाऱ्या आईला स्फूर्ती नको असते, पान नंबर हवा असतो.

वाचकहो, मी भाचीच्या बाजूनं आहे. अभ्यासक्रमाची थट्टा करणारे लोक बहुधा रोज शिकवणारे नसतात.

मामा : पान नंबर देतो. केसोबासांचा 'दृष्टांतपाठ' घे. चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत, तेराव्या शतकातले, तुझे दोन वर्षांचे मंगळवार झाले. प्रत्येकाची ठेवण ठरलेली : आधी सूत्र, मग दृष्टांत, मग तो कशाला लागू पडतो ते सांगणारा दार्ष्टांतिक. शेवटचा भाग झाकायचा. नुसती गोष्ट वाचायची आणि लेकरांना म्हणायचं, लावा. मग विचारायचं, दृष्टांत लंगडतो कुठं? कारण कुठंतरी लंगडतोच.

भाची : जात्यंध आणि हत्तीचा मी वाचून दाखवला होता. कुणी पाय धरला, कुणी कान, कुणी शेपूट. मुलगी म्हणाली, 'पण गोष्ट सांगणाऱ्याला अख्खा हत्ती दिसतोय, म्हणून त्याला हसू येतंय. आपल्याला हत्ती दाखवणार कोण?'

मामा : मग काय सांगितलंस?

भाची : सांगितलं, विचार करा, आणि कुकर लावायला उठले.

मामा : हं. आता मघाचा प्रश्न परत घेतो. स्वतःच्या वाक्यातला 'म्हणून' कुणी दाखवायचा? लिपमनच्या हॅरीला वर्ग होता. वेगवेगळ्या घरांतली, न पटणारी पोरं गोल करून बसतात आणि वाचलेल्यावर भांडतात, त्यावर ती पद्धत उभी आहे. तुझ्या घरात कोण आहे? दोन भावंडं, एका ताटात जेवणारी, तेच कार्टून बघणारी. आणि तू. तुझ्याशी वाद घातला की आपल्याकडं त्याला उलट उत्तर म्हणतात. घर वाईट म्हणत नाही मी. पण घरात प्रतिपक्ष नसतो.

भाची : शाळेत असतो? तुमच्या वर्गात कुणी हात वर करून म्हणालं का कधी, सर, तुमचं चुकलं?

मामा : नाही. तेही खरं.

भाची : कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये 'सृजन आनंद' काढली, तसली शाळा कोपऱ्यावर असती तर मी लेकरं घरी ठेवलीच नसती.

मामा : शेजारचा पोरगा तर कोपऱ्यावर आहे ना? आईबाप तोडीला गेलेत, हा आजीपाशी. दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेत, संध्याकाळी तुझ्या ओट्यावर. त्या दिवशी तू गणित घातलं होतंस : एका कोयत्यानं एक लाख उचल घेतली, टनाला ३६६ रुपये, तर उचल फिटायला किती टन तोडावा लागेल?

(३६६ हा २०२४ च्या जानेवारीतल्या करारातला दर. आधी तो २७३ होता. 'एक कोयता' म्हणजे नवराबायकोची जोडी, हे बीडच्या वाचकाला सांगायची गरज नाही.)

भाची : माझी दोघं म्हणाली, २७३ टन आणि वर थोडा. बरोबर.

मामा : आणि तो म्हणाला, चुकलं. काटा कुणाचा ते लिहिलंच नाही. आणि आई आजारी पडली तर खाडा कोण धरणार? तुझ्या चार पुस्तकांत असा प्रश्न विचारणारं एक पान दाखव. गृहीतक तपासणं म्हणजे दुसरं काय? त्याला बोलव मंगळवारी.

भाचीचा चेहरा उतरला नाही, कडक झाला.

भाची : माझ्याही ते लक्षात आलं होतं मामा. आणि तुमच्याआधी मलाही तोच मोह झाला होता. पण विचार करा. माझ्या लेकरांना चिकित्सा शिकता यावी म्हणून त्याच्या आईबापाचं कर्ज फळ्यावर मांडायचं? माझ्या पोरीला त्यातून एक झकास उदाहरण मिळणार. त्याला काय मिळणार? त्या दिवशी उत्तर देऊन झाल्यावर तो ओट्यावरून उठून गेला, ते तुम्ही पाहिलं नाही.

मामा बराच वेळ चष्मा पुसत बसले. भाचीच्या या बोलण्याला त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि द्यायलाही नको होतं असं मला वाटतं. ते दुसरीकडून आले.

मामा : मग विषय त्याला निवडू दे. तुझा नको, माझा नको, दृष्टांतपाठातलाही नको. त्याला विचार, कशावर बोलायचं.

भाची : विचारलंय.

मामा : काय म्हणाला?

भाची : म्हणाला, 'ही दोघं शाळेत का येत नाहीत, त्यावर बोलू.'

आता हसायची पाळी माझी होती, पण दोघंही गंभीर होती.

मामा : मग याहून चांगला पहिला धडा कुठला? नियम मात्र आधी ठरव. तिघांनी मिळून तुला पटवलं की घरी शिकवणं चूक आहे, तर जूनमध्ये नाव घालायचं. तसं नसेल तर तो विचार कसला, करमणूक झाली ती. लेकरांचं म्हणणं पटलं म्हणून आजवर घरातला कुठला निर्णय फिरवलायस, सांग.

भाची : फोनचा नाही फिरवला. झोपायच्या वेळेचा नाही. एकही नाही. मान्य, लावते पणाला. पण माझीही अट आहे. तुमच्या शास्त्रात उत्तर देण्याआधी पूर्वपक्ष मांडायचा असतो ना? समोरच्याचं म्हणणं, त्यालाही पटेल इतकं नीट?

मामा : असतोच. त्याशिवाय सिद्धान्ताला तोंड उघडता येत नाही.

भाची : मग घरी शिकवण्याची बाजू मी मांडणार नाही. मी मांडली तर लेकरं आईकडं बघून बोलतील. ती तुम्ही मांडायची, आणि शाळेची बाजू मी मांडेन. शेजारच्याला दोघांनाही टोकायची मुभा.

मामा : अगं, पण मला तर घरी शिकवणं पटतच नाही!

भाची : म्हणूनच.

मामा : ...आठ दिवस दे मला. आणि तुझं ते वेळापत्रक दे इकडं, त्यात नेमकं काय काय करून घेतेस ते आधी वाचायला पाहिजे.